नऊ नंबरचा तुकडा

३ मार्च, मंगळवार

धाकटा आज कामावरून परस्पर आला, पत्र्याचा एक डबा माझ्या टेबलावर ठेवला आणि म्हणाला, "ताई, बाबांच्या ऐंशीव्या वाढदिवसाला सगळे जुने फोटो भिंतीवर दाखवायचे. स्कॅन तू कर. तुला वेळ असतो."

मला वेळ असतो. छापखान्यात आठ तास प्रुफं तपासत दुसऱ्यांच्या चुका शोधते, घरी येऊन खुबा मोडलेल्या माणसाला उठवते, बसवते, खोलीभर फिरवते, आणि त्यातून जे उरतं तो माझा वेळ. बाबा गेले पाच आठवडे आमच्याकडे आहेत, कारण धाकट्याच्या घराला तीन जिने आहेत आणि आमचं घर तळमजल्यावर. तळमजला घेतल्याचा पश्चात्ताप आज पहिल्यांदा झाला.

धाकटा म्हणजे माझा सावत्र भाऊ. त्याच्या आईला, म्हणजे बाबांच्या दुसऱ्या बायकोला, मी आई म्हणायला नकार दिला तेव्हा सगळ्यांनी मिळून 'मावशी' हा शब्द शोधून काढला. तिला जाऊन दोन वर्षं झाली.

डब्यात वर नेहमीचेच फोटो. तळाशी एक जाड खाकी पाकीट. ते उघडलं आणि पहिला तुकडा हातात येताच मला कळलं. आईचा हात, मांडीवर ठेवलेला. बाकीचे तुकडे ओतून घेतले.

आई गेली तेव्हा मी सहा वर्षांची. आमचा तिघांचा एकच फोटो होता, स्टुडिओत काढलेला, मी चार वर्षांची असताना. मावशी घरात आली त्या दिवशी तो फाडला गेला. मला अजून जसंच्या तसं दिसतं: बाबा जमिनीवर गुडघे टेकून बसलेत, दोन्ही मुठींत तुकडे, आणि मावशी दारात उभी. पंचेचाळीस वर्षं मी हे विसरलेले नाही आणि त्यांना विसरू दिलेलं नाही. त्यांनी कधी नाही म्हटलं नाही. एकदा भर पाहुण्यांत मी ओरडले होते, "तुम्ही माझी आई फाडलीत." तेव्हा म्हणाले, "झालं ते झालं. जेवून घे."

तुकड्यांचा फोटो काढायला फोन घेतला तर तो उघडेना. अंगठा तीनदा लावला. लहानपणी डब्याच्या झाकणाने कापला होता, त्याची तिरकी रेघ अजून आहे, आणि या फोनच्या मते मी म्हणजे मी नव्हेच. शेवटी आकडे दाबून उघडला. तोवर इतकी चिडले होते की फोटो हललेला आला.

४ मार्च, बुधवार

ठरलं. हा फोटो मी जोडणार. चांगला तीन फुटी छापून घेणार, वाढदिवसाला सगळ्यांसमोर लावणार, आणि तो कुणी फाडला होता ते सगळ्यांसमोर सांगणार. एकोणतीस तारखेला. त्यानंतर बाबांनी धाकट्याकडे जावं, जिने चढावेत नाहीतर उतरावेत, मला देणंघेणं नाही.

छापखान्यात पानं लावणाऱ्या गृहस्थांना विचारलं. त्यांना सगळे मोजपट्टी म्हणतात, कारण चहाचा कपसुद्धा ते टेबलाच्या कडेला समांतर ठेवतात. म्हणाले, "ताई, फोटोच्या सॉफ्टवेअरमध्ये आपोआप जोडायचं बटण आहे, पण फाटलेल्या कडांना ते फसतं. हातानेच जोडा. एकेक तुकडा वेगळ्या थरावर ठेवा. स्कॅन करताना मागे काळा कागद धरा, म्हणजे कड नीट दिसते. आणि मूळ स्कॅनला हात लावू नका. प्रत काढा, प्रतीवर काय तो गोंधळ घाला."

"मी गोंधळ घालणार नाही," मी म्हटलं.

"तुम्ही काय छापून घेताय त्यावर आहे," म्हणाले आणि कप सरळ केला.

७ मार्च, शनिवार

दुपारभर स्कॅन केलं. तेरा तुकडे, पुढून आणि मागून. मागच्या बाजूला प्रत्येकावर पेन्सिलने इंग्रजी आकडा घातलेला. सातच्या दांडीला आडवी रेघ पाहिली आणि डोक्यात तिडीक गेली. तो सात मावशीचा. ती शाळेत कारकून होती, तिची सगळी रजिस्टरं याच सातांनी भरलेली. तीस वर्षं लोकांची अक्षरं ओळखण्यात गेली माझी, इथे चुकणार नाही.

म्हणजे बाईसाहेबांनी फाडलेल्या फोटोला नंबर घालून ठेवले. कशाला, तर बहुतेक नीट फाटला की नाही ते बघायला. तीन नंबरवर पिवळा पडलेला चिकटपट्टीचा तुकडाही आहे. चिकटवण्याचं नाटकसुद्धा करून झालेलं दिसतं.

आकडे एक ते चौदा. नऊ नाही. डबा उलटा केला, पाकीट फाडून सपाट केलं. नाही. नवऱ्याने डबा प्रकाशात धरून आत पाहिलं आणि म्हणाला, "साहेब, आत फक्त गंज आहे." या घरात विनोद करणाऱ्यांना शिक्षा हवी.

८ मार्च, रविवार

सकाळी दहापासून बसले होते. काळ्या पडद्यावर तेरा बेटं. एक उचलायचं, दुसऱ्याजवळ न्यायचं, अर्धा अंश फिरवायचं, मग जास्त फिरलं म्हणून पाव अंश मागे. खांद्याची रेघ जुळली की मागच्या पडद्याची घडी सुटते. घडी जुळवली की खांदा मोडतो. कागद फाटताना ताणतो, हे मला माहीत नव्हतं. तुकडा परत जागेवर जातो, पण पूर्वीएवढा नसतो.

बाबा पलीकडे खुर्चीत शब्दकोडं घेऊन. "सहा अक्षरी, हट्ट न सोडणारा," त्यांनी विचारलं. मी तुकडा आणखी पाव अंश फिरवला. त्यांनी चष्मा काढला, त्या जुन्या चेपलेल्या डबीत ठेवला, डबी खिशात, खिशावर हात. ती डबी कुणाला पुसायलाही देत नाहीत. धाकट्याच्या बायकोने नवी आणली होती, ती तशीच पडून आहे. माणसांपेक्षा डब्या सांभाळण्यात आयुष्य गेलं यांचं.

संध्याकाळपर्यंत आई जुळली. पूर्ण. डोळे, कपाळ, डावीकडे थोडी झुकलेली मान. मी पडद्यासमोर बसून राहिले. तिची मान झुकलेली असायची हे मी विसरले होते. आणि हे विसरायला लावणारा माणूस चार हातांवर बसून पेन्सिल चावत होता.

आई खुर्चीत, बाजूला स्टुलावर मी, मागे बाबा. नऊ नंबर कुठला ते आता दिसतंय. खुर्चीच्या उजवीकडे फ्रॉक आहे, गळ्याची झालर आहे, आणि तिच्यावर काळं भोक. माझा चेहरा तेवढा नाही. बाकी सगळं जपलं आणि मला नेमकं फेकून दिलं. छान.

१० मार्च, मंगळवार

आज सापडलं ते इथे लिहून ठेवते.

पाच नंबर मोठा करून कडेची पांढरी फट झाकत होते. तिथे, आईच्या बाहीवर, निळसर डाग. आणखी मोठा केला तर डाग नव्हे, अंगठा. शाईचा अंगठा, रेषा स्पष्ट, मधून एक तिरकी पांढरी रेघ गेलेली, तो ओरखडा असावा. लहानसा, बायकी. फाडताना असाच धरतात, कडेला चिमटीत.

शाई. आमच्या घरात शाईने हात भरलेलं माणूस कोण होतं? कारकून. मावशीचे हात लहानच होते, बांगड्यांच्या दुकानात सुद्धा तिच्या मापाचं मिळायचं नाही.

म्हणजे फाडला तिने, आणि बाबा नुसते तुकडे उचलत बसले. पहिल्याच दिवशी. यावर मला बरं वाटायला हवं होतं, पण उलट जास्त संताप आला. स्वतः फाडला असता तर निदान काही केलं असं तरी म्हणता आलं असतं.

११ मार्च, बुधवार

अंगठा पुसून टाकला. पुरावा म्हणून ठेवावा असं मनात आलं होतं, पण आईच्या अंगावर तिचं बोट मला नको. डाग पुसायचं साधन घेतलं, बाहीवरचं स्वच्छ कापड उचललं आणि त्याच्यावर दाबत गेले. तिरक्या रेघेसकट सगळं गेलं. चार मिनिटांचं काम, फार समाधान देणारं.

१४ मार्च, शनिवार

आणखी एक ठरवलं. फोटोत बाबा नकोत.

ज्या माणसाने एवढंही सांभाळलं नाही त्याला आईच्या मागे उभं राहायचा हक्क काय? थर वेगळे असल्यामुळे सोपं आहे. एक, दोन आणि सहा हे तुकडे त्यांचे. थराशेजारी डोळ्याचं चिन्ह असतं, त्यावर टिचकी मारली की डोळा मिटतो आणि माणूस नाहीसा. तीन टिचक्या. मागे नुसता स्टुडिओचा पडदा ओढून घेतला, घड्या वरून खाली रंगवत आणल्या.

मोजपट्टींना दाखवलं. त्यांनी चष्मा वर केला आणि म्हणाले, "काम चांगलं झालंय. पण ताई, ही हात कुणाचा आहे?"

"हा हात," मी म्हटलं. सवयीने.

"हा हात कुणाचा आहे?"

बाबांचा. माझ्या खांद्यावर. तो दहा नंबरच्या तुकड्यावर आहे, माझ्या फ्रॉकबरोबर फाटलेला. माणूस गेला आणि पंजा राहिला.

१५ मार्च, रविवार

फिजिओवाल्या बाईंनी बाबांना स्वयंपाकघरापर्यंत चालायला सांगितलंय. ते वॉकर आपटत माझ्या मागे येऊन थांबले, ते मला कळलंच नाही.

"मी नाही का यात?"

"नाही."

मी मागे वळले नाही. मी त्यांच्याशी बोलताना सहसा वळत नाही, तो माझा जुना नियम आहे.

"बरं," म्हणाले. "हात तेवढा राहिलाय."

"तोही काढणार आहे."

"फ्रॉकवर ठिपके होते, तिथे नीट बघ. खांद्यावर एक ठिपका अर्धा होता, शिवणीत गेलेला." मग वॉकर आपटत परत गेले.

ऐंशी वर्षांच्या माणसाला पन्नास वर्षांपूर्वीच्या फ्रॉकच्या शिवणीतला ठिपका आठवतो, आणि बायकोचा एक फोटो सांभाळता येत नाही.

१७ मार्च, मंगळवार

दोन संध्याकाळी बोटं झाकण्यात गेल्या. पाच बोटं, चार ठिपके. अनामिका काढली की करंगळी अधांतरी राहते. हाताच्या खाली कापड कसं होतं ते कुठल्याच तुकड्यावर नाही, कारण तिथे हातच होता. म्हणजे जे कधी दिसलंच नाही ते मला बनवायचंय. शिवणीतला अर्धा ठिपका मुद्दाम टाळला. मग खांदा कुणाचा तरी दुसऱ्याचा वाटायला लागला, म्हणून शिव्या देत अर्धा ठिपका घातला.

२१ मार्च, शनिवार

भोक भरलं. माझं शाळेचं पहिलं ओळखपत्र सापडलं, त्यावरचा पाच वर्षांचा चेहरा स्कॅन केला, लहान केला, करडा केला, गळ्यावर बसवला. समोर बघणारी, ओठ घट्ट मिटलेली मुलगी.

कडा बेमालूम जुळल्यात. तरी काहीतरी चुकतंय. झालर एका बाजूला ओढली गेलेली आहे, मान वर केल्यासारखी, आणि चेहरा सरळ. नवरा म्हणाला, "तू कुणावर तरी चिडून फोटोला उभी राहिल्यासारखी दिसतेस." मी म्हटलं, "माझ्यासारखीच दिसतेय मग."

२२ मार्च, रविवार

आज राहवलं नाही. चहा देताना विचारलंच. "फोटो मावशीने फाडला होता ना? तुम्ही तिला पाठीशी घातलंत."

कप बशीवर आपटला त्यांनी. चहा चादरीवर. पंचेचाळीस वर्षांत मी या माणसाला आवाज चढवताना पाहिलेलं नाही.

"तिचं नाव यात घ्यायचं नाही. माझं घे. मी फाडला म्हण."

"म्हण म्हणजे काय? फाडला की नाही?"

"इतकी वर्षं म्हणतेस ना. तेच म्हण. तिने एकेक तुकडा कोपऱ्यातून, पलंगाखालून गोळा केलाय. आठ दिवस ती संध्याकाळी चिकटवत बसायची. चिकटपट्टीने वरचा पापुद्रा उचलला जायला लागला, म्हणून थांबली. तिला काही बोलायचं नाही."

"नंबर घालून ठेवले होते तिने."

"मग? कोणी पुढे जोडायला घेतला तर त्याला सोपं जावं म्हणून." आणि रुमालाने चादर पुसायला लागले, मला हात लावू न देता.

मेलेल्या बायकोसाठी आवाज चढवता येतो म्हणायचा. फक्त दुसऱ्या. भाषण लिहून काढलंय, सव्वा पान. एकही चूक नाही, तीनदा तपासलं.

२६ मार्च, गुरुवार

हे लिहायला मन होत नाही, पण ही वही खोटं लिहायला घेतलेली नाही.

तीन फुटी छपाईसाठी फाईल दिली तर मोजपट्टी म्हणाले, "बाहीवर एक जागा कापडासारखी दिसत नाही. छापल्यावर फोडासारखी उठेल. मूळ स्कॅन काढा, तिथलं परत करू." मूळ पाच नंबर उघडला. निळा अंगठा होता तिथेच होता.

तेवढ्यात फिजिओवाल्या बाईंचा फोन वाजून थांबला. परत लावायला अंगठा ठेवला. फोन उघडला नाही. पुन्हा ठेवला. मोजपट्टी सहज म्हणाले, "तुमच्या अंगठ्यावर तिरकी चीर आहे ना, म्हणून."

मी अंगठ्याकडे पाहिलं. मग पडद्याकडे. मग म्हटलं, शाईची गादी कुठाय.

ते काही विचारत नाहीत, हा त्यांचा मोठेपणा. पांढऱ्या कागदावर अंगठा उमटवला, स्कॅन केला, पाच नंबरच्या वर नव्या थरात टाकला, अर्धा पारदर्शक केला. माझा मोठा होता. लहान करत गेले. नव्वद टक्के, ऐंशी, सत्तर. थोडा डावीकडे वळवला. गेले तीन आठवडे हेच तर शिकले होते, पाव अंश इकडे, अर्धा तिकडे. पासष्टवर रेषा रेषांवर बसल्या. तिरकी रेघ तिरक्या रेघेवर बसली. वरचा थर मिटला तरी तीच, उघडला तरी तीच.

सहा वर्षांची असताना कापला होता अंगठा. मावशी आली तेव्हा मी सात. त्या वर्षी शाळेत पहिल्यांदा शाईचं पेन दिलं होतं.

मला काहीही आठवत नाही. बाबा गुडघ्यांवर बसलेले आठवतात, मुठीत तुकडे. ते उचलत होते. मी कुठे उभी होते, माझ्या हातात काय होतं, ते आठवतच नाही. लोकांच्या स्वल्पविरामांवरून भांडले मी जन्मभर.

मोजपट्टी म्हणाले, "ताई, पाणी?" मी म्हटलं, "फाईल परत द्या. छापू नका."

२७ मार्च, शुक्रवार

कामावर गेले नाही. बाबांच्या खोलीत गेले आणि त्यांच्यासमोर, समोरच, खुर्ची ओढून बसले.

"मी फाडला."

त्यांनी कोडं बाजूला ठेवलं. "कोणी सांगितलं?"

"अंगठ्याने. तुम्ही का नाही सांगितलंत?"

"सात वर्षांच्या पोरीला काय सांगायचं? आई गेलेली. वर हे कसं घालायचं डोक्यावर?"

"मग सतराव्या वर्षी? तिसाव्या? परवा, रविवारी?"

"तोवर तुला सवय झाली होती," ते म्हणाले. "माझ्यावर चिडायची. मला वाटलं, ते काढून घेतलं तर तू यायचीसुद्धा नाहीस. चिडायला तरी येत होतीस."

मी एवढी चिडले की खुर्ची मागे पडली. मी म्हटलं, कोणी विचारलं होतं तुम्हाला? कोणी सांगितलं होतं माझ्यासाठी गुन्हेगार व्हायला? मी मावशीला शेवटच्या आजारपणात भेटायला गेले नाही, ठाऊक आहे ना? तिने पलंगाखालून तुकडे गोळा केले आणि मी तिला एक फोन केला नाही. ते तुम्ही मला करू दिलंत. पंचेचाळीस वर्षं तुम्ही मला चुकू दिलंत. माझा धंदा काय आहे माहीत आहे ना तुम्हाला?

ते ऐकत होते. सगळं संपल्यावर म्हणाले, "तिला तू आली नाहीस याचं वाईट वाटलं. ते खरं आहे. ते माझ्याकडून चुकलं."

मग त्यांनी खिशातून चष्म्याची डबी काढली. चष्मा बाहेर, आतलं मऊ कापड नखाने उचललं, खालून एक तुकडा काढून माझ्या तळहातावर ठेवला. मागे नऊ.

माझा चेहरा. चार वर्षांची, केस कानामागे, दात दिसतायत. आणि समोर बघत नाहीये. मान वर, डोळे वर, मागे उभ्या असलेल्या माणसाकडे.

"स्टुडिओवाला ओरडून ओरडून थकला," बाबा म्हणाले, "इकडे बघ, ठिणगे, इकडे बघ. तू माझ्याकडेच बघत होतीस. तुझ्या मावशीने विचारलं होतं, नऊ नंबर कुठाय म्हणून. मी सांगितलं, हा नाही देणार."

ठिणगी. हे नाव कुणी घेतलं नव्हतं कितीतरी वर्षांत.

"त्यानंतर तू बघितलं नाहीस," ते म्हणाले. तक्रार म्हणून नव्हे. कोड्यातलं उत्तर सांगावं तसं.

२८ मार्च, शनिवार

नऊ नंबर स्कॅन केला, मागे काळा कागद धरून. शाळेतली चिडकी मुलगी काढून टाकली. नऊ जागेवर सरकवला. एकदाच, न फिरवता बसला. झालर ओढली गेली होती ती का, ते कळलं.

आता फोटोत आई समोर बघतेय आणि मी मान वर करून रिकाम्या पडद्याकडे हसतेय. वेड्यासारखी.

फ्रॉकवर रंगवलेले चार ठिपके पुसले. करंगळी, अनामिका, एकेक बोट परत आलं. मग तीन टिचक्या. एक, दोन, सहा. बाबा आईच्या मागे आले. बत्तीस वर्षांचे, भरपूर केसांचे, आणि खाली माझ्याकडे बघणारे. हे मी जोडताना पाहिलंच नव्हतं. जोडताना मी त्यांच्या तुकड्यांच्या फक्त कडा बघत होते.

बाहीवरचा अंगठा ठेवलाय. मोजपट्टी म्हणाले, "पुसायचा नाही?" मी म्हटलं, नाही. त्यांनी तीन फुटी कागद कडेला समांतर लावला आणि छापला.

राग गेलेला नाही. सकाळपासून बाबांशी दोनदा भांडले. एकदा गोळीवरून, एकदा काहीच कारण नसताना. भांडताना त्यांच्याकडे बघून भांडले.

२९ मार्च, रविवार

धाकट्याच्या घरचे, बाबांचे दोन मित्र, शेजारी, मिळून सतरा माणसं. भिंतीवर फोटो सरकत होते. मावशीचा आला तेव्हा मी धाकट्याकडे पाहिलं, तो माझ्याकडे बघत नव्हता. त्याच्याशी मला बोलायचंय, पण एका दिवसात होण्यासारखं ते नाही.

शेवटी मोठा फोटो उघडला. फाटलेल्या रेघा जवळून अजून दिसतात. धाकट्याची मुलगी पुढे गेली, कागदाला न टेकवता एका रेघेवरून वरून खाली बोट फिरवलं आणि मोठ्याने विचारलं, "हा कुणी फाडला?"

बाबांनी तोंड उघडलं. मला माहीत होतं ते काय म्हणणार.

सव्वा पानाचं भाषण टेबलाच्या खणातच राहिलं होतं. कुणी फाडला ते सगळ्यांसमोर सांगायचं ठरवलं होतं, तेवढं केलं.

"मी," म्हटलं.